मधल्या दोन जागा

भिंतीवरची जुनी प्लेट काढायला गेलं की आधी गाठ पडते ती रंगाशी. घर जितक्या वेळा रंगवलं तितके थर स्क्रूच्या खाचेत साचलेले असतात आणि स्क्रूड्रायव्हरला पकडच मिळत नाही. मी सुरीच्या टोकाने कडेकडेने रंग कापला, खाच कोरून काढली, तेव्हा कुठे तो पिवळट पडलेला फोनचा पॉइंट भिंतीने सोडला. सोडताना थोडा गिलावाही सोबत दिला. मागच्या बॉक्समध्ये कोळ्याचं रिकामं जाळं, सिमेंटचा एक खडा आणि वायरचे दोन वेढे होते.

फोनचं कनेक्शन बंद करून कैक वर्षं झाली, तरी त्या उघड्या टोकांना हात लावायला मी कचरले. लहानपणी बाबांनी दटावलेलं डोक्यात पक्कं बसलं होतं. फोनच्या लाइनमध्ये एरवी ४८ व्होल्टचा डीसी असतो, त्याने काही होत नाही. पण नेमकी तेव्हाच रिंग आली तर ९० व्होल्टच्या आसपासचा एसी येतो आणि चांगला झणका बसतो. ही वीज घरची नसायची, एक्सचेंजमधून यायची. म्हणून दिवे गेले तरी फोन चालू राहायचा. आता दिवे असोत नसोत, ही वायर गप्पच.

एवढा खटाटोप कशासाठी, तर आतल्या खोलीत वायफाय धड पोचत नाही. मीटिंगमध्ये माझा चेहरा गोठतो आणि तोही नेमका तोंड उघडं असतानाच गोठतो. शेवटी ठरलं की सरळ केबल ओढायची, भिंतीत पॉइंट काढायचा, वाद मिटवायचा.

वाद मिटला नाहीच. कारागिराने आल्याआल्या विचारलं, ‘‘पॉइंट कुठे देऊ?’’ आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. वायफाय असं काही विचारत नाही, आज पलंगावर बसा, उद्या गच्चीत जा. वायर मात्र आधी ठरवून मागते. टेबल कुठे राहणार? कायम तिथेच राहणार का? नवऱ्याचं म्हणणं खिडकीजवळ. मी म्हटलं, खिडकीतून ऊन स्क्रीनवर येतं. तो म्हणाला, पडदा लावू. मी म्हटलं, मग खिडकी कशाला? कारागीर बिचारा हातात पेन्सिल घेऊन भिंतीशी उभा. पूर्वीचे फोनवाले बरे, ते असं विचारत बसत नसत. बैठकीच्या खोलीत एक जागा ठरायची आणि घरादाराने उठून तिथे जायचं. उभ्याउभ्या बोलायचं, पायाला रग लागली की संभाषण आपोआप आटोपायचं. आमच्या त्या पॉइंटच्या आजूबाजूला भिंतीवर पेन्सिलीने नंबरच नंबर खरडलेले असत.

जुन्या पाइपातून नवी केबल नेताना एक गंमत पाहिली. एरवी पाइपात आधी स्प्रिंग सारतात आणि तिला बांधून वायर ओढतात. इथे स्प्रिंगची गरजच पडली नाही. कारागिराने फोनच्या वायरच्या शेपटीला नवी कॅट-६, म्हणजे इंटरनेटची केबल, बांधली, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि दुसऱ्या टोकाने जुनी वायर ओढायला घेतली. म्हाताऱ्या वायरने जाताजाता नवीला हाताला धरून आणलं. एका वळणावर अडलं तेव्हा मी जोर लावायला पुढे झाले, तर त्याने हात धरल्यासारखं थांबवलं. साधारण ११ किलोच्या वर ताण या केबलला द्यायचा नसतो. बाहेरून काही कळत नाही, पण आतला पीळ ताणला जातो आणि केबल कामातून जाते. मागून ढील दिली, पुढून हळूच ओढलं, आली.

प्लेट मात्र मीच बसवायचं ठरवलं. हौस म्हणा, खाज म्हणा.

केबलचं वरचं आवरण सोललं की आत आठ तारा निघतात, दोन-दोनच्या चार जोड्या. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी आणि प्रत्येकीची एक पांढऱ्या पट्ट्याची सोबतीण. प्रत्येक जोडीला पीळ असतो आणि नीट बघितलं तर चौघींचा पीळ सारखा नसतो, कुणाचा घट्ट, कुणाचा सैल. हा पीळ शोभेचा नाही. बाहेरून येणारी खरखर दोन्ही तारांवर जवळजवळ सारखीच पडते आणि पलीकडचं यंत्र दोघींमधला फरक तेवढा वाचतं, त्यामुळे खरखर आपसात वजा होते. चौघींचा पीळ सारखाच असता तर शेजारणीचं बोलणं एकमेकींना ऐकू गेलं असतं. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलने असा पीळ दिलेल्या जोडीचं पेटंट १८८१ मध्ये घेतलं, म्हणजे युक्ती चांगली पणजीच्या वयाची आहे. अर्ध्या इंचाहून जास्त पीळ उकलायचा नाही असा दंडक. मी उकलला, बोटांनी सरळ केला, तरी तारा पुन्हा वाकड्याच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभ कोरा करकरीत होता.

प्लेटमध्ये बसतो तो जॅक, म्हणजे केबलची पिन जिथे घुसते ती खोबण. त्याच्या दोन्ही बाजूंना रंग छापलेले असतात, ए आणि बी अशा दोन पद्धतींचे. कुठलीही घ्या, फक्त केबलच्या दोन्ही टोकांना एकच हवी. मी बी धरली. खाचेत तार ठेवायची, वर पंचिंग टूल धरायचं आणि दाबायचं. खट्! खाचेतली पाती तारेचं प्लास्टिक स्वतःच चिरून तांब्याला धरतात, तारा सोलाव्या लागत नाहीत आणि त्याच दणक्यात टूलचं पातं उरलेलं टोक छाटून टाकतं. हा आवाज फार समाधानाचा आहे. आठ तारांना आठच खट् मिळतात याचं वाईट वाटलं.

जॅकच्या तोंडात मात्र या आठ जणी एका रांगेत बसतात आणि ती रांग चमत्कारिक आहे. नारिंगी जोडी शेजारीशेजारी, पहिल्या-दुसऱ्या जागेवर. तपकिरी जोडी शेवटी, सातवी-आठवी. निळी जोडी मधोमध, चौथी-पाचवी. आणि हिरव्या जोडीची ताटातूट, एक तिसरीवर, दुसरी सहावीवर, मध्ये निळ्यांचं बिऱ्हाड. जोडीने राहायला हवं म्हणून एवढा पीळ दिला आणि शेवटी त्यांनाच वेगळं बसवलं! आधी मला हा कुणाचा तरी वेंधळेपणा वाटला होता. पण कारण साधं आहे. फोनच्या पिनेत लाइन मधल्या दोन तारांवर असते. तीच भिंतीतली वायर फोनलाही चालावी म्हणून मधल्या दोन जागा फोनला ठेवल्या आणि कॉम्प्युटरच्या जोड्या त्यांच्या आजूबाजूने बसवल्या. आता भिंतीतला फोन गेला, पण घरातल्या कर्त्या माणसाच्या पाटासारखी त्याची जागा तशीच आहे, बाकीचे अजून सरकून बसतात.

दोन्ही टोकं जोडली, केबल लावली, वेग तपासला. हजार एमबीपीएसची अपेक्षा, मिळाले शंभराच्या आत. दुसरी केबल लावून पाहिली, राउटर बंद-चालू केला, नवऱ्याने ‘‘कारागिरालाच सांगायचं होतं ना’’ असं तोंडाने नाही, पण भुवयांनी म्हटलं. मग केबल तपासायचा टेस्टर लावला, दर तारेला एक दिवा असलेला. एकापाठोपाठ एक दिवे लागत गेले: एक, दोन, तीन... चार गुल. पाच ते आठ पुन्हा ठीक. चार म्हणजे निळी.

जॅक बाहेर काढून उजेडात धरला तर दिसायला सगळ्या जणी जागच्या जागी. मग लक्षात आलं की सात तारांची टोकं छाटलेली आहेत आणि निळीची शेपटी तेवढी बाहेर लोंबतेय. त्या एका तारेला मी टूल उलटं धरलं होतं. पात्याने बाहेरचं टोक सोडून आतलीच बाजू कापली होती. निळी खाचेत ऐटीत बसलेली आणि केबलशी तिचा काही संबंध नाही! शंभरच्या वेगाला नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या पुरतात, म्हणून निळी नसतानाही गाडं चालू होतं. हजाराला चारही जोड्या लागतात.

आता जॅक पुन्हा बांधायचा तर केबल तेवढी हवी. बॉक्समधल्या त्या जुन्या वायरचे दोन वेढे बघून मीही वीतभर केबल जास्त सोडून आत गुंडाळली होती, तीच कामी आली. सोललं, उकललं, आठ खट् पुन्हा मिळाले. टेस्टरवर आठही दिवे. वेग नऊशेच्या वर. नवऱ्याच्या भुवया खाली.

प्लेट लावताना लेव्हल धरली होती, तरी डावीकडे केसभर कलली आहे. खुर्चीत बसलं की बरोबर नजरेसमोर येते. आल्यागेल्याला दिसत नाही, मला सोडून.

माळ्यावर जुना फोन होता, गुंडाळीच्या वायरचा. तो खाली आणून पुसला आणि त्याची पिन नव्या जॅकमध्ये घालून पाहिली. पिन अरुंद, जॅक रुंद, तरी टक् करून अगदी मधोमध बसली. रिसीव्हर कानाला लावला. नवरा म्हणाला, ‘‘कोण आहे?’’ मी म्हटलं, ‘‘कुणी नाही.’’ फोनची पिन घातली की जॅकमधल्या कडेच्या दोन पिना दबून वाकू शकतात, म्हणून लगेच काढून घेतली.