फळ्यावरचं गणित आणि कोऱ्या पानावरचं

मंगळवार

पाऊस धरून बसलाय. संध्याकाळच्या बॅचा सुटल्या की कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या गल्ल्या रेनकोट घातलेल्या सायकलींनी भरून जातात, आणि दहावीच्या पोरांच्या तोंडी तेच एक वाक्य असतं: वर्गात सगळं कळतं, घरी बसलं की सुटत नाही. पालकांना ही सबब वाटते. मला तरी तसं दिसत नाही. मुलं जे घडतं तेच सांगतात.

वर्गात गणित सुटत असताना सगळे निर्णय खडू धरणाऱ्याचे असतात. कुठली रीत लावायची, काय क्ष मानायचं, आकृतीत कुठली रेघ जास्तीची ओढायची, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. बाकावरचा मुलगा एवढंच बघतो की ही ओळ मागच्या ओळीतून निघते का. ती निघतेच, म्हणून तो मान डोलावतो. त्याचं काही चुकत नाही, पण काम अर्धंच झालेलं असतं. पहिली ओळ कुठून आणायची, हे उरलेलं अर्धं.

वर्तुळाच्या धड्यातलं, आत छेदणाऱ्या दोन जीवांचं (जीवा म्हणजे वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणारी रेघ) प्रमेय घ्या. अब आणि कड या जीवा ई बिंदूत छेदतात आणि अई × ईब = कई × ईड हे सिद्ध करायचंय. फळ्यावर सुरुवात होते ती "रचना: रेख अक आणि रेख बड काढा" अशी. ही रचना कुणाला कशी सुचली, कोण जाणे. ती वहीत उतरते, पाठ होते, आणि परीक्षेत बिंदूंची नावं बदलली की सगळं ढासळतं.

घरी हेच प्रमेय शेवटाकडून मागे यावं. पानाच्या तळाशी अई × ईब = कई × ईड लिहायचं. दोन गुणाकार सारखे आहेत, म्हणजे हे कुठल्या तरी गुणोत्तरातून आलेलं असणार. वर लिहायचं: अई / डई = कई / बई. आता अई आणि कई या बाजू एका त्रिकोणात हव्यात, डई आणि बई दुसऱ्यात. ते त्रिकोण आकृतीत नाहीत, कारण अक आणि बड या रेघाच नाहीत. म्हणून त्या काढायच्या. मग कोन: ई पाशी विरुद्ध कोन सारखे, आणि अ व ड या ठिकाणचे कोन एकाच कंसावर, बक वर, उभे, म्हणून तेही सारखे. कोन सारखे म्हणजे त्रिकोणांचा आकार एकच; समरूपता झाली. आता खालून वर लिहिलेलं वरून खाली उतरवून काढायचं, तेच फळ्यावरचं उत्तर.

असं एकदा केलं की आणखी एक गोष्ट हाती लागते. अड आणि कब जोडलं तरी प्रमेय सुटतं. पाठ केलेल्या मुलाला ती रेघ चुकीची वाटते आणि तो खोडून टाकतो. नेहमीची चूक मात्र दुसरीच असते: त्रिकोण अईक हा बईड शी समरूप आहे असं लिहायचं. बरोबर क्रम अईक आणि डईब. चुकीच्या क्रमाने अई × ईड = कई × ईब मिळतं, आणि ते अक व बड समांतर असतील तेव्हाच खरं. शिरोबिंदू डोळ्यांच्या अंदाजाने जोडले की हे होतं. सारखे कोन आधी जोडीने लिहावेत आणि त्याच क्रमाने त्रिकोणांची नावं द्यावीत.

हा उलटा शोध शिक्षकांनी फळ्यावर मोठ्याने केला, चुकीच्या रेघा ओढून पुसल्या, तर वर्गासारखी जागा नाही. पण तासिका ३५-४० मिनिटांची, हजेरीला पाच जातात, साठ मुलं आणि पुढे अख्खा अभ्यासक्रम. म्हणून फळ्यावर नीटनेटकं, न अडखळणारं उत्तर येतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, मात्र गणित असंच सुचतं असा समज मुलांचा होतो, त्याचं वाईट वाटतं.

बुधवार

एकट्याच्या अभ्यासात चुका कोण धरणार? काही चुका गणितच धरून देतं, काही अजिबात धरून देत नाही. हा फरक माहीत नसेल तर पानंच्या पानं भरून हाती काही लागत नाही.

२क्ष² − ५क्ष − ३ = ० सूत्राने सोडवायचं. विवेचक, म्हणजे सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या: २५ − ४ × २ × (−३), म्हणजे २५ + २४ = ४९. मुळं ३ आणि −१/२. घाईत ऋण गुणिले ऋण विसरलं की २५ − २४ = १ होतं आणि मुळं ३/२ आणि १ येतात. दिसायला अगदी गोंडस. क्ष = १ समीकरणात ठेवून बघा: २ − ५ − ३ = −६. शून्य नाही, म्हणजे चुकलं. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि कुणाला विचारायला नको.

आता क्ष² = ५क्ष घ्या. दोन्ही बाजूंना क्ष ने भागलं की क्ष = ५. ताळा करा, बरोबर येतो. पण ० हे दुसरं मूळ कधीच हरवलं. ताळा खोटं उत्तर पकडतो, हरवलेलं नाही. वर्गाचा उपयोग नेमका इथे: मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं की क्ष उडवला तर काय झालं, आणि जो प्रश्न आपल्याला पडलाच नव्हता त्याचं उत्तर फुकटात मिळतं.

श्रेढीत, म्हणजे सारख्या फरकाने वाढणाऱ्या संख्यांच्या ओळीत, छोट्या आकड्यांची चाचणी कामी येते. १०० ते २०० मध्ये ७ ने भाग जाणाऱ्या संख्या किती? पहिली १०५, शेवटची १९६, फरक ९१, भागिले ७ बरोबर १३. बरीच मुलं इथेच थांबतात. शंका असेल तर ७, १४, २१ वर तीच रीत लावून बघावी: फरक १४, भागिले ७ बरोबर २, पण संख्या तर तीन आहेत. म्हणजे एक मिळवायचा; उत्तर १४, आणि बेरीज ७ × ३०१ = २१०७.

अर्थनियोजनाचा धडा वर्गात कंटाळवाणा होतो आणि घरी सोपा जातो, कारण पावत्या घरातच असतात. १८ टक्के जीएसटी धरून ११८० रुपयांची पावती असेल तर कर १८० रुपये, म्हणजे केंद्राचे ९० आणि राज्याचे ९०. ११८० चे १८ टक्के काढले की २१२ रुपये ४० पैसे येतात, ते चूक. कर मूळ किमतीवर लागतो, एकूण रकमेवर नाही. ११८० ला १८ ने गुणून ११८ ने भागायचं.

भूमितीत मात्र एकट्याचा घात होतो. त्रिकोण अबक मध्ये डई ही बक ला समांतर, ड बाजू अब वर आणि ई बाजू अक वर. अड = २, डब = ३, बक = १०. डई किती? पुष्कळ वह्यांत अड / डब = डई / बक असं असतं, आणि उत्तर ६.६७ च्या आसपास. ते दहापेक्षा कमी आहे, म्हणून संशय येत नाही. बरोबर गुणोत्तर लहान त्रिकोणाची बाजू भागिले मोठ्या त्रिकोणाची तीच बाजू, म्हणजे २/५ = डई / १०, डई = ४. ही चूक ताळ्यात येत नाही. दुसऱ्याचे डोळे नसतील तर एकच उपाय: पट्टीने मापात आकृती काढून मोजायची. हाताने काढलेली आकृती आपल्या गैरसमजाला साथच देते. शिवाय आपण काढलेले त्रिकोण हटकून समद्विभुज दिसतात आणि मग न दिलेली माहिती सिद्धतेत शिरते. मुद्दाम वेडावाकडा त्रिकोण काढावा.

शनिवार

पंचगंगेचं पाणी चढलं की गावाकडच्या मुलांचा आठवडा एसटीवर अवलंबून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर रस्तेच पाण्याखाली गेले होते. गगनबावडा, शाहूवाडीकडून येणाऱ्या मुलांसाठी घरचा अभ्यास हा आवडीचा विषय नसतो. कधी कधी तेवढाच मार्ग असतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, मागे उत्तरसूची असते. साधन म्हणून एवढं पुरतं. सोडवलेल्या उत्तरांचं डायजेस्ट घेऊ नये असं नाही, फक्त ते वाचायचं पुस्तक नव्हे. उदाहरण अडलं की त्यातली एकच ओळ बघायची, मिटायचं, पुढचं आपण लिहायचं. पुन्हा अडलं तर अजून एक ओळ. ज्या ओळीला थांबलो तिथे समासात खूण करायची. आठवड्याने फक्त खुणा असलेली उदाहरणं कोऱ्या पानावर. सगळा सरावसंच परत सोडवत बसण्यात वेळ जातो, आणि येणारीच गणितं पुन्हा येतात.

पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण मात्र आधी झाकून सोडवावं. लोक उलट करतात: वाचतात, मग सरावसंचाचं पहिलं गणित त्याच्याकडे बघत बघत उतरवतात.

धड्यांची वाटणी माझ्या मते अशी. श्रेढी, वर्गसमीकरणं, अर्थनियोजन, निर्देशक भूमिती घरी नीट होतात. समरूपता आणि वर्तुळ वर्गात, निदान जोडीदाराबरोबर. सांख्यिकी मधेच: मध्यकाच्या सूत्रात मध्यक वर्गाच्या आधीच्या वर्गाची संचित वारंवारता घ्यायची हे विसरलं जातं, आणि १०–१९, २०–२९ असे तुटक वर्ग आयतालेखाआधी ९.५–१९.५ असे सलग करायचे राहतात. हे एकदा कुणी दाखवलं की पुरे. त्रिकोणमितीच्या सिद्धता घरी, पण एकाच बाजूकडून सुरू करायचं ही शिस्त वर्गातून यावी. दोन्ही बाजू एकदम हलवत नेल्या की जे सिद्ध करायचं तेच नकळत वापरलं जातं.

कृती पूर्ण करण्याचे प्रश्न एकट्याने शिकणाऱ्यांना जास्त नडतात. तिथे दुसऱ्याची वाट ठरलेली असते आणि आपल्याला चौकटी भरायच्या असतात. स्वतःची रीत येत असूनही गुण जातात. वर्गात दुसऱ्याच्या ओळी तपासायची जी सवय लागते ती इथे कामाला येते, तेवढं श्रेय तिला द्यायला हवं.

वेळ लावून सोडवणं घरचंच काम. बीजगणित आणि भूमिती, दोन्ही पेपर ४० गुणांचे, दोन तासांचे, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. तीन गुणांच्या उदाहरणावर बारा मिनिटं गेली तर जमतील तेवढ्या पायऱ्या लिहून पुढे सरकावं, कारण पायऱ्यांनाही गुण असतात.

आणि शंका विचारायला जाताना "सर, हे कळलं नाही" म्हणून जाऊ नये. तास संपल्यावर शिक्षकांकडे दोन मिनिटं असतात, ती गणित पुन्हा वाचण्यातच जातात. चिठ्ठीवर चार गोष्टी: सरावसंचाचा क्रमांक, आपण लिहिलेली शेवटची बरोबर ओळ, पुढे काय करून बघितलं, आणि ते का फसलं असं वाटतं. चिठ्ठी लिहिता लिहिताच बऱ्याच शंका सुटतात. न सुटलेल्यांसाठी दारात उभं राहायचं.