सरकारचा रकाना

"मावशी, यात सरकारचा रकाना कुठंय?"

भाची शाळेच्या प्रकल्पासाठी घराचा कार्बन फूटप्रिंट, म्हणजे आपल्या वापरामुळे हवेत किती कार्बन जातो त्याचा हिशेब, काढत बसली होती. पंखा किती तास, गिझर किती मिनिटं, स्कूटर किती किलोमीटर. सगळं पेन्सिलने भरून झालं. मग वीजबिल उलटंपालटं करत म्हणाली, "ही वीज कोळशाची की उन्हाची, ते आपण ठरवतो का?"

नाही गं बाई, आपण नाही ठरवत.

असं फूटप्रिंट मोजायचं कॅल्क्युलेटर २००४ मध्ये बीपी या तेल कंपनीने लोकांपुढे ठेवलं होतं. तेल विकणारे ते, आणि हिशेब आपल्या गिझरचा! मला हे मनापासून खटकतं.

रिकाम्या खोलीतला पंखा बंद करायलाच हवा, मीही करते. पण चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र माझ्या बटणाकडे बघून चालत नाही. २०२५ मध्ये देशाच्या वीजक्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-वायू सोडून इतर स्रोतांचा, झाला, ही खरंच मोठी गोष्ट आहे, आणि ती सरकारी धोरणामुळे झाली. तरी प्रत्यक्षात तयार होणारी बहुतेक वीज अजून कोळशाचीच. सूर्य मावळल्यावर पुरेल एवढी साठवण हवी, वीज दूरवर नेणाऱ्या पारेषण वाहिन्या हव्यात. त्या कुठलं कुटुंब उभारणार?

जगातही तेच. २०२४ मध्ये अझरबैजानमधल्या बाकू शहरात झालेल्या जागतिक हवामान परिषदेत विकसनशील देशांनी हवामान बदलाला तोंड देण्यासाठी वर्षाला १.३ लाख कोटी डॉलर मागितले. श्रीमंत देश ३०० अब्जांवर थांबले, तेही २०३५ पर्यंत.

मत मागायला येणाऱ्यांना आपण रस्ता विचारतो, पाणी विचारतो. वीज कशापासून करणार, हे कुणी विचारलंय का कधी?