मुदत शिल्लक होती, औषध नव्हतं

छातीत दुखतं म्हणून रात्री दाखल झालेल्या एका आजोबांच्या केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं होतं : 'जिभेखाली नायट्रोग्लिसरीनच्या दोन गोळ्या घेतल्या, आराम नाही. घरची औषधं तपासावीत.' ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्यांवरून झटका आलेला नाही हे सकाळपर्यंत स्पष्ट झालं. अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत होणारं दुखणं, जुनीच होती. मग नेहमी दोन-तीन मिनिटांत काम करणारी गोळी या वेळी का चालली नाही, हा प्रश्न रुग्णालयाच्या औषध विभागाकडे, म्हणजे आमच्याकडे आला.

अशा वेळी आम्ही घरच्यांना एकच सांगतो : घरात औषध म्हणून जे काही आहे ते सगळं पिशवीत घालून आणा, निवडून आणू नका. निवडून आणलं की नेमकं हवं ते घरी राहतं. त्यांची सून पिशवी घेऊन आली आणि टेबलावर ठेवायच्या आधीच म्हणाली, "तारीख गेलेली नव्हती हो. मी स्वतः बाटली बघितली. अजून दहा महिने आहेत."

बाटली पिशवीत होती. छोटी, गडद काचेची, आणि तारखेला खरोखरच दहा महिने बाकी होते. पण बाटली रिकामी होती. गोळ्या होत्या आठवड्याच्या कप्प्यांच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, बाकीच्या गोळ्यांच्या शेजारी. बाटलीचं झाकण आजोबांना उघडत नाही, म्हणून कुणीतरी सोय केली होती.

सगळा घोटाळा इथेच झाला असणार. नायट्रोग्लिसरीन उडून जाणारा पदार्थ आहे. उघड्यावर ठेवलं की ते गोळीतून हळूहळू वाफेच्या रूपात बाहेर पडतं, प्लॅस्टिक ते शोषतं, कापसाचा बोळा तर आणखीच शोषतो. म्हणून ही गोळी काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत येते आणि तिथेच राहायला हवी. त्या विशिष्ट गोळ्यांत किती औषध उरलं होतं हे प्रयोगशाळेशिवाय छातीठोकपणे सांगता येणार नाही. दिसायला त्या पांढऱ्या, अखंड, ठाकठीक होत्या. जिभेवर चुणचुण झाली म्हणजे गोळी चांगली, असं बरेच जण धरून चालतात. त्या खुणेवर विसंबू नये. चुणचुण न होणारी गोळीही काम करू शकते आणि होणारी अपुरी पडू शकते.

त्यातही आजोबांनी पहिल्या गोळीनंतर बराच वेळ वाट बघितली होती. पद्धत अशी आहे : आधी बसायचं, कारण रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते. एक गोळी जिभेखाली, गिळायची नाही. पाच मिनिटांत दुखणं कमी झालं नाही किंवा वाढलं, तर लगेच रुग्णवाहिका बोलवायची. आणि सिल्डेनाफिलसारखं (व्हायग्रातलं) औषध घेतलेलं असेल तर ही गोळी घ्यायचीच नाही, डॉक्टरांना तसं सांगायचं. नवी बाटली उघडली की तिच्यावर पेनानं तारीख लिहायची. उघडल्यावर किती दिवस चालेल ते बनावटीप्रमाणे बदलतं, ते बाटलीसोबतच्या कागदावर असतं. सहा महिन्यांनी बदलून टाका, हा सल्लाही अनेक ठिकाणी देतात आणि तो वाईट नाही. बाटली खिशात अंगालगत ठेवू नये, अंगाची ऊब तिला मानवत नाही.

सुनेचा प्रश्न रास्त होता : "मग ती तारीख छापतात कशासाठी?"

कंपनी औषधाचे नमुने ठरावीक तापमानाला आणि आर्द्रतेला महिनोन्‌महिने ठेवते. नेहमीच्या चाचणीत २५ अंश सेल्सियस आणि ६० टक्के आर्द्रता, किंवा उष्ण प्रदेशांसाठी ३० अंश आणि ६५ ते ७५ टक्के. जोडीला सहा महिने ४० अंशांची कडक चाचणी. ठरावीक काळानं नमुने तपासतात. लिहिलेल्या मात्रेच्या साधारण ९० टक्के तरी (काही औषधांत ९५) औषध शिल्लक आहे आणि नको ते घटक मर्यादेत आहेत, हे जिथवर सिद्ध होतं तिथवरची तारीख पाकिटावर येते. फक्त महिना-वर्ष असेल तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. मात्र ही हमी बंद पॅकची आहे, आणि लेबलवर लिहिलं तसं ठेवलं असेल तरच. पॅक फोडला, गोळी दुसऱ्या डब्यात गेली, पावडरमध्ये पाणी पडलं, की छापलेल्या तारखेचा फारसा संबंध उरत नाही. घरात लोक याच्या बरोब्बर उलट वागतात. तारीख उलटून महिना झालेल्या बंद स्ट्रिपची धास्ती घेतात आणि दोन महिन्यांपूर्वी उघडलेला डोळ्याचा ड्रॉप बिनदिक्कत घालतात.

तोही पिशवीत होता. साधारणपणे डोळ्यांचे थेंब उघडल्यापासून २८ दिवस वापरायचे. बाटलीचं टोक पापणीला, बोटाला लागतं, जंतू आत जातात, आणि आतलं परिरक्षक, म्हणजे जंतू वाढू न देणारा घटक, त्यांना कायमचं थोपवू शकत नाही. परिरक्षक नसलेल्या एकवेळच्या नळ्या तर उरलं तरी फेकायच्या.

नातवाच्या अँटिबायोटिक सिरपची बाटलीही निघाली. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची, अर्धी भरलेली, 'पुढच्या वेळी उपयोगी पडेल' म्हणून जपलेली. खोक्यावर दीड वर्षाची मुदत बाकी, पण ती कोरड्या पावडरची. पाण्यात या औषधाचा रेणू तुटायला लागतो, क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड तर अमॉक्सिसिलिनच्याही आधी. तयार केलेलं हे सिरप फ्रिजमध्ये ठेवून सात ते दहा दिवस, लेबल सांगेल तेवढंच. फ्रिजमध्ये म्हणजे फ्रीजरमध्ये नव्हे. शिवाय उरलंच कसं, हे मी विचारतो. उरलंय म्हणजे कोर्स मध्येच थांबवला, नाहीतर पाणी जास्त घातलं.

पाणी घालण्यात फार गफलती होतात. आधी बाटली आपटून पावडर मोकळी करायची. उकळून गार केलेलं पाणी निम्मं घालून जोरात हलवायचं, मग खुणेपर्यंत भरून पुन्हा हलवायचं. फेस बसल्यावर पातळी खुणेच्या खाली गेली तर पुन्हा खुणेपर्यंत आणायची. सगळं पाणी एकदम ओतलं की तळाशी गोळे चिकटतात, सुरुवातीचे डोस पातळ जातात आणि शेवटचे दाट. मोजायला सोबतचं माप किंवा सुईविना सिरिंज, घरातला चमचा नाही. चमच्याचा आकार घरागणिक बदलतो आणि बाळाच्या डोसात दोन मिलिलिटरचा फरक लहान नसतो.

स्ट्रिप बहुतेक कापलेल्या होत्या, आणि नेमक्या तारीख-बॅच नंबर असलेल्या टोकाकडून. तारीख एकाच टोकाला असते, म्हणून दुसऱ्या बाजूनं गोळी काढत यायचं, ते टोक शेवटपर्यंत ठेवायचं. कप्प्यांच्या डब्यातल्या ॲस्पिरिनला व्हिनेगरचा वास येत होता. ओलीनं ॲस्पिरिन तुटून सॅलिसिलिक ॲसिड आणि ॲसेटिक ॲसिड होतं, वास त्या दुसऱ्याचा. असा वास आला की सगळ्या टाकायच्या. आठवड्याचा डबा मुळात वाईट नाही, विसरभोळेपणावर तो उत्तम उपाय आहे. पण सात दिवसांपुरतंच भरायचं, आणि नायट्रोग्लिसरीन, डॅबिगॅट्रान (रक्त पातळ करायचं औषध), पाण्यात फसफसणाऱ्या किंवा जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्या त्यात कधीच नाहीत.

आणखी एक सापडलं, त्याचा तारखेशी संबंध नव्हता. दोन वेगळ्या नावांच्या स्ट्रिप, आत एकच औषध : रक्तदाबाचं ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या वेळी दिलेलं, आणि आजोबा दोन्ही घेत होते. या औषधानं पायांवर सूज येऊ शकते, आणि आजोबांच्या पायांवरची सूज कशाची, याचा विचार वॉर्डात चाललाच होता. डॉक्टरांना कळवलं, एक बंद झालं. मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीचं असतं. त्याखालचं बारीक नाव वाचायचं.

"पण मुदत संपल्यावर औषधाचं विष होतं ना?" हा प्रश्न आलाच. बहुतेक औषधांचं नाही होत, जोर कमी होतो. ठळक अपवाद टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकचा. १९६३ मध्ये खराब झालेल्या टेट्रासायक्लिनमुळे मूत्रपिंडांना इजा झाल्याची नोंद आहे, तीही तेव्हाच्या बनावटीची. अमेरिकी सैन्याच्या साठ्यावर १९८६ पासून चाचण्या होतात. २००६ साली त्यांतल्या १२२ औषधांचे निष्कर्ष छापून आले : ८८ टक्के लॉट (एका खेपेत बनलेला माल म्हणजे एक लॉट) मुदतीनंतर निदान एक वर्ष चांगले होते. हा आकडा मी सांगतो, पण लगेच हेही सांगतो की ते साठे मूळ बंद पॅकमध्ये, तापमान सांभाळलेल्या गोदामात होते. वाफेनं भरलेली न्हाणी, गॅसशेजारचं कपाट, फ्रिजचा तापलेला माथा किंवा गाडीचा डॅशबोर्ड म्हणजे तसं गोदाम नव्हे. डोकेदुखीची गोळी थोडी कमजोर पडली तर डोकं दुखत राहील. इन्सुलिन, ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, फिटांची, थायरॉइडची आणि रक्त पातळ करायची औषधं, गर्भनिरोधक गोळ्या, अँटिबायोटिक यांत मुदतीनंतर एक दिवसही सूट नाही.

फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकलेलं इन्सुलिनचं एक पेन तिनं आणलं होतं, सासूबाईंचं. गोठून वितळलं असण्याची शंका आहे तर टाका, म्हटलं. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर अगदी आधीसारखं दिसू शकतं, काम मात्र तसं करत नाही. न उघडलेली पेनं २ ते ८ अंशांत ठेवायची. वापरातलं बाहेर चालतं, बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली २८ दिवस, पण आपल्या पेनाचा कागद बघून.

टाकायच्या वस्तूंचा ढीग ठेवायच्या वस्तूंपेक्षा मोठा झाला. औषधं परत घेण्याची सोय जवळ असेल तर तिथे द्यायची. नसेल तर गोळ्या पाकिटातून काढून ओल्या मातीत किंवा चहाच्या चोथ्यात मिसळून, बंद पिशवीत घालून कचऱ्यात. बेसिनमध्ये किंवा शौचालयात ओतायचं नाही, लेबल स्पष्टपणे तसं सांगत असेल तेवढं सोडून. सुया कठीण प्लॅस्टिकच्या डब्यात, इनहेलरचा डबा आगीपासून लांब. बाटलीवरचं रुग्णाचं नाव खरडून काढायचं. तळाशी तीन सुट्या पांढऱ्या गोळ्या उरल्या, ना नाव ना खूण. "या कशाच्या असतील?" तिनं विचारलं. ओळखायच्या भानगडीत न पडता त्याही ढिगात टाकल्या.