खांबासारखा कॅक्टस: ओळख, फूल आणि फळ

कुंपणालगत वाढलेल्या उंच, धारांच्या हिरव्या खांबाला फूल येईल का आणि फळ धरेल का, असे मला अनेकदा विचारले जाते. माझा उलट प्रश्न असतो, की तो मुळात कॅक्टस आहे का? आपला त्रिधारी निवडुंग कॅक्टस नव्हे, तो एरंडाच्या कुळातला युफोर्बिया आहे. त्याचे काटे जोडीजोडीने येतात, फुले बारीक असतात, फळही खाण्याजोगे नसते आणि कुठेही जखम झाली की पांढरा चीक वाहतो. हा चीक डोळ्यांना फार अपायकारक असल्यामुळे केवळ ओळख पटवण्यासाठी फांदी मोडू नये. कॅक्टसच्या धारेवर ठरावीक अंतराने लवदार बारीक गाद्या असतात आणि काट्यांचे झुबके त्यांतूनच फुटतात; भिंगातून ती गादी दिसली की शंका उरत नाही.

बागांमध्ये लावलेला असा कॅक्टस बहुधा सेरियस असतो. तो 'पेरुव्हियानस' या नावाने विकला जातो, पण त्यातील पुष्कळ झाडे प्रत्यक्षात दक्षिण ब्राझील आणि उरुग्वेकडील सेरियस हिल्डमानियानस असतात. म्हणून रोपवाटिकेतील चिठ्ठीपेक्षा मी फुलावर अधिक विश्वास ठेवतो. सेरियसच्या फुलाची लांब नळी बाहेरून गुळगुळीत असते, तर अँडीज पर्वतातील सॅन पेद्रो या दिसायला जवळच्या कॅक्टसची नळी केसाळ असते.

फुलासाठी वय आणि ऊन दोन्ही लागतात. बियांपासून वाढवलेले झाड अनेक वर्षे थांबायला लावते. प्रौढ झाडाची फांदी लावल्यास ती लवकर फुलते, मात्र सावलीतल्या लहान कुंडीत ती नुसतीच उंच होत राहण्याची शक्यता अधिक असते. मोठे पांढरे फूल रात्री उमलते आणि सकाळी ऊन चढताच मिटते.

फळाची खरी अडचण इथून पुढे आहे. सेरियसला सहसा स्वतःचे पराग चालत नाहीत, आणि एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेली सारी झाडे जनुकीयदृष्ट्या एकच असल्यामुळे अशी दहा झाडे शेजारीशेजारी फुलली तरी फळ धरत नाही. आमच्याकडची पुष्कळ झाडे एकमेकांच्या फांद्यांवरूनच पसरलेली असल्याने, फुले येऊन गळतात ही तक्रार मला मुळीच नवलाची वाटत नाही. यावर उपाय म्हणजे वेगळ्या मूळ झाडाची फांदी मिळवणे किंवा बियांची रोपे वाढवणे, आणि दोन्हीकडे एकाच रात्री फुले उमलली की एकाचे पराग मऊ कुंचल्याने दुसऱ्याच्या कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मध्यातील पराग धरणाऱ्या टोकावर, लावणे. फलन झाले तर फूल वाळूनही तळाचा भाग हिरवा राहतो आणि फुगू लागतो. काटे नसलेले हे फळ पूर्ण रंगल्यावरच तोडावे. आत काळ्या बियांचा पांढरा, गोडसर गर असतो, आणि इस्राएलमध्ये याच वर्गातील फळे 'कोबो' या नावाने बाजारात येतात.