मावशीने सही केली नाही

आज मावशीसोबत वारसनोंदीसाठी तलाठी कार्यालयात गेले होते. हक्कसोडपत्राचा मसुदा मामाने आधीच तयार ठेवलेला, "बहिणी सही करतातच" म्हणे. मावशीने केली नाही! फार अभिमान वाटला तिचा.

महाराष्ट्राने १९९४ सालीच हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, पण तोवर लग्न झालेल्यांना वगळून. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. ही दुरुस्ती लागू झाली त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं.

याच कायद्याचं कलम १५ मात्र अजून तसंच आहे. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिची स्वतःची कमाई आधी सासरच्या वारसांना, तिच्या जन्मदात्या आईला नंतर. हे बदलायलाच हवं. तोवर मैत्रिणींनो, मृत्युपत्र करून ठेवा.