पेरलं कुणी, कापलं कुणी

आमच्या मिरजेच्या चर्चमधल्या रविवारच्या वर्गात बायबलमधलं नीतिसूत्रे हे पुस्तक काढलं की सगळे खूश. अध्याय ३१, रोज एक वाचला की महिन्यात पुस्तक पूर्ण, असा हिशोब घराघरात आहे. आळशाला मुंगीकडे पाठवणारं वचन तर आया पोरांकडून पाठच करून घेतात. मी मात्र हे पुस्तक एकटं शिकवत नाही. शेजारी बायबलमधलंच ईयोब उघडायला लावते, निर्दोष माणसावर कोसळलेल्या दुःखाचं पुस्तक.

यंदा फळ्यावर दोन संदर्भ लिहिले : नीतिसूत्रे २२:८ आणि ईयोब ४:८. दोन्हींचा मथितार्थ एकच, वाईट पेराल तर वाईटच कापाल. खरं कोणतं, म्हणून विचारलं. सगळे म्हणाले, दोन्ही. मग म्हटलं, दुसरं कोण बोलतंय आणि कुणाला, ते बघा. बोलतोय ईयोबाचा मित्र अलीफज. समोर ईयोब : मुलं गेलेली, अंगभर गळवं, राखेत बसून खापरानं अंग खाजवतोय. आणि ४२:७ मध्ये देव नेमकं या अलीफजलाच सुनावतो, की माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार मागे बसतात. ते म्हणाले, "बाई, पेरलं ते उगवतं हे आम्हाला कुणी सांगायला नको. पण बाग फुलोऱ्यात असताना अवकाळी येतो, दावण्या रोग पसरतो, तो कुणी पेरला?" पुढच्या बाकावरच्या मावशी लगेच, "काहीतरी चुकलंच असेल की!"

आला बघा अलीफज.

डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली मिशनचा दवाखाना काढला, तेव्हापासून मिरज हे पेशंटचंच गाव. मंडळीतली माणसं आजाऱ्याला भेटायला हौसेनं जातात. कॉटपाशी शहाळं ठेवायचं, प्रार्थना करायची आणि निघता निघता, 'काही पाप राहिलं असेल तर कबूल कर हो.' ईयोबाचे मित्र निदान सात दिवस तोंड मिटून बसले होते!

येशूनं हा प्रश्न दोनदा उडवून लावलाय. योहान ९ मध्ये शिष्य विचारतात, हा जन्मांध कुणाच्या पापानं, याच्या की आईबापाच्या? तो दोन्ही नाकारतो. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून मेलेले १८ जण इतरांपेक्षा पापी नव्हते, असं सांगतो. पश्चात्ताप करा म्हणतो, पण ते ऐकणाऱ्यांना. मेलेल्यांचा हिशोब काढत नाही.

म्हणून नीतिसूत्रे खोटी ठरत नाहीत. आळशाची झोप मोडायला ती हवीतच. आणि त्याच पुस्तकात १३:२३ आहे : गरिबाच्या शेतात भरपूर पिकतं, पण अन्यायानं ते हातचं जातं. हे वचन चर्चच्या कॅलेंडरवर छापलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

पुढच्या रविवारपासून बायबलमधलं उपदेशक हे पुस्तक. तरुणांना त्याआधी गीतरत्न, म्हणजे बायबलमधली प्रेमगीतं, हवंय, मावशी म्हणतात पोरींसमोर कसं वाचायचं. पाळकसाहेबांना विचारलंय.