आधी यंत्र, मग माणूस : कर्बिन ते मुन

मंडळी, ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ या रॉकेटं बांधून उडवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये करिअर नव्याने सुरू केलंय. या वेळी नेम एकच: काही चुकलं तरी जुन्या सेव्हवर (साठवून ठेवलेल्या खेळावर) परत जायचं नाही. इथवरची प्रगती सांगतो.

पहिली उड्डाणं नेहमीचीच, कॅप्सूल, एक बूस्टर, पॅराशूट. त्यानंतरचं उंच रॉकेट मात्र हवेत कोलांटी खाऊन गेलं, कारण तळाला पंखच लावले नव्हते. दिवाळीच्या बाणाला काडी असते ती याचसाठी. वाऱ्याचा रेटा वजनाच्या मध्याच्या मागे पडला, तरच नाक पुढे राहतं. चार पंख लावले आणि रॉकेट सरळ गेलं.

मग कक्षा. कर्बिन म्हणजे गेममधली पृथ्वी. तिची त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर आणि वातावरण ७० किलोमीटरला संपतं, त्यामुळे ८० किलोमीटरवर सेकंदाला सुमारे २,२८० मीटर वेग पुरतो. पृथ्वीभोवती तोच पावणेआठ किलोमीटरच्या घरात लागतो. वेग सेकंदाला शंभर मीटरवर आला की हळूहळू पूर्वेकडे झुकायचं. ग्रहाच्या फिरकीचे सेकंदाला १७५ मीटर तिथे फुकट मिळतात. इकडे श्रीहरिकोटाहूनही पूर्वेला समुद्रावरून रॉकेटं सोडतात, त्यात हाही फायदा आहेच. एकतीस मिनिटांत फेरी पूर्ण झाली तेव्हा खूप आनंद झाला.

एक गोष्ट मला खटकते. करिअरमध्ये सुरुवातीलाच माणूस वर पाठवावा लागतो. आपल्या इतिहासात ४ ऑक्टोबर १९५७ ला आधी स्पुटनिक गेला, गागारिन १९६१ मध्ये. हा क्रम उगाच नव्हता, हे मला मुनवर, म्हणजे कर्बिनच्या चंद्रावर कळलं.

मुन क्षितिजावर उगवताना इंजिन पेटवलं, वेग सेकंदाला ८६० मीटरने वाढवला, सात तासांहून थोड्या जास्त वेळात पोचलो. लँडर उंच आणि अरुंद होतं, आत गेममधली अंतराळवीर व्हॅलेंटिना. खाली येण्याचा वेग नीट मारला, पण आडवा सेकंदाला चार मीटर शिल्लक राहिला. एक पाय उताराला टेकला, लँडर सावकाश कलत गेलं आणि आडवं झालं. ती सुखरूप आहे, पण परत उडता येत नाही.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. आपल्या चंद्रावरही लूना ९ हे बिनमाणसाचं यान आधी अलगद उतरलं, फेब्रुवारी १९६६ मध्ये. माणूस त्यानंतर साडेतीन वर्षांनी. मीही दुसरं लँडर रिकामं पाठवलं. टाक्या बाजूला, पाय लांब पसरलेले. उंचीच्या आकड्यापेक्षा जमिनीवरच्या सावलीवर नजर ठेवली. सावली लँडरकडे सरकत आली, पायांना भिडली, इंजिन बंद. आडवा वेग जवळपास शून्य!

ते तिच्यापासून सहा किलोमीटरवर उभं आहे. परतीला वेग सेकंदाला नऊशे मीटरच्या आसपास बदलावा लागेल, टाकीत अकराशेपुरतं इंधन आहे. आज रात्री तिला जेटपॅकने तिकडे न्यायचंय.